एकच टाका मारायचाय

शहापूरहून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की भातसा नदीच्या काठी सापगाव लागतं. या रस्त्यावर कुणाला धंदा टाकायची हुक्की आली, की दोनच गोष्टी सुचतात: वडापाव किंवा फॅब्रिकेशन. वडापावचं गिऱ्हाईक आधी पैसे देतं, मग खातं, आणि चव आवडली नाही तरी वडा परत आणून देत नाही. आम्ही फॅब्रिकेशन टाकलं.

आम्ही म्हणजे मिस्त्री आणि मी. मिस्त्रीला वेल्डिंग येतं. मला येत नाही, म्हणून मला शेठ म्हणतात. होल्डर हातात न धरणाऱ्या माणसाला वर्कशॉपमध्ये दिवसभर काम तरी काय असतं, असा प्रश्न आमच्या घरी अधूनमधून जेवणाच्या ताटावर वाढला जातो. त्याचं उत्तर असं, की लोखंड मिस्त्री सांभाळतो आणि बाकीचं सगळं मी. यात सोपा वाटा मिस्त्रीचा आहे, असं माझं ठाम मत. लोखंड बिचारं नेमाने वागतं. तापवलं की पसरतं, निवलं की आखडतं. गोल सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, त्याला 162 ने भागा, मीटरमागे किती किलो ते निघतं. 12 मिलीची सळई सापगावात मोजा नाहीतर स्वीडनमध्ये, मीटरला 889 ग्रॅम. आमच्या शेडमध्ये रोज जे जे पाऊल टाकतं, त्यात इतकं शब्दाला जागणारं दुसरं काही नाही.

या धंद्यातलं सगळ्यात महागडं वाक्य म्हणजे "शेठ, एकच टाका मारायचाय."

हे वाक्य बोलणारा माणूस मोटरसायकलवरून उतरत नाही. इंजिन चालू, एक पाय जमिनीला टेकलेला, मांडीवर मोडकी वस्तू. प्लॅस्टिकची दोरी गेलेल्या खुर्चीचा पाय, पॉवर टिलरचं पातं, पंपाचा स्टँड, चुलीवरची तिवई, एकदा तर शाळेच्या घंटेचा टोल. त्याच्या कल्पनेत टाके मी बरणीत भरून ठेवलेले असतात. झाकण उघडायचं, एक काढून द्यायचा.

प्रत्यक्षात मिस्त्री त्या वेळी शिडीवर, शटरच्या पेटीत मान घालून असतो. त्याला खाली बोलवायचं. केबल तिथून इथवर ओढायची. आणलेल्या वस्तूवर रंग, गंज आणि शेण असे तीन थर; ते ग्राइंडरने घासायचे, कारण गंजावर टाका धरत नाही, नुसते फुटाणे उडतात. अर्थिंगचा चिमटा लावायचा. शटरला 10 नंबरचा रॉड चालू होता, तो या पातळ पाइपाला भोक पाडेल, म्हणून 12 नंबरचा शोधायचा. करंट उतरवायचा. "बघू नका" म्हणून ओरडायचं, म्हणजे ज्यांचं लक्ष नव्हतं तेही बघतात. मग टाका. दोन सेकंद. मिस्त्री पोपडा ठोकून काढतो, माणूस वस्तू उलटीपालटी करून बघतो आणि म्हणतो, "हां, एवढंच तर होतं." नंतर विचारतो, "किती द्यायचे?" हे विचारताना त्याचा हात खिशाकडे जात नाही, क्लचकडे जातो.

"द्या काय ते," असं मी म्हणतो. या तीन शब्दांवर माझं वर्षाचं किती नुकसान होतं, याचा हिशेब मी मुद्दामच मांडलेला नाही. पण माणसं इथली नाठाळ नाहीत. टाक्याचे पैसे येतात, फक्त पैशांच्या रूपात येत नाहीत. पहिला पाऊस पडला की कुणी शेवळांची जुडी टाकून जातं. पाणी वाढलं की पिशवीत वळवळणाऱ्या चिंबोऱ्या येतात. कापणी-झोडणी उरकली की पायलीभर नवा तांदूळ. आमचे कर सल्लागार दर तिमाहीला विचारतात, एवढे रॉड लागले तर मग विक्री कुठे आहे? मी त्यांना काय सांगू? लोखंडी कामावर 18 टक्के जीएसटी आहे हे मला पाठ आहे, पण चिंबोऱ्यांना त्या फॉर्मात रकाना नाही.

एका टाक्याला मात्र आम्ही हात लावत नाही. मोटरसायकलची पेट्रोलची टाकी. "रिकामी आहे शेठ, काल रात्रीच ओतून काढली," असं माणूस अभिमानाने सांगतो. रिकामी टाकीच जास्त वाईट. भरल्या टाकीत हवेला जागा नसते. ओतून काढलेल्या टाकीत पेट्रोलची वाफ आणि हवा अशी जोडी जमते, आणि तिला ठिणगी मिळाली की टाकी बॉम्ब होते. टाकी नजरेस पडली की मिस्त्री चहा प्यायला जातो. उरलेला मी त्या माणसाला वाफेचं शास्त्र समजावतो. तो सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, "मुरबाडला मारून देतात." मुरबाडला सगळं होतं, स्वस्तात होतं आणि बसल्या जागी होतं. एकदा कामानिमित्त मुरबाडच्या एका वर्कशॉपात बसलो होतो. तिथे एक जण मांडीवर टाकी घेऊन सांगत होता, "सापगावला मारून देतात."

आता मापांकडे येतो. एक साधी खिडकीची ग्रील घ्या. घरमालक फुटात बोलतो, तेही "साडेतीन-पावणेचार धरा" अशा हवामान खात्याच्या सुरात. नकाशा मीटरमध्ये. मिस्त्री इंच आणि सुतात. एका इंचाला 8 सूत. आयटीआय करून आलेला पोरगा मिलिमीटरच्या खाली उतरत नाही आणि वरही चढत नाही. काम झालं की ग्रीलचा दर किलोवर, शटरचा चौरस फुटावर आणि जिन्याच्या रेलिंगचा धावत्या फुटावर. एकदा पोराने वहीत 1143 लिहिलं आणि मिस्त्रीने पत्र्यावर खडूने पावणेचार फूट. त्यावरून दोघांत असं जुंपलं, की मी मोबाइल काढून दोन्ही मापं एकच असल्याचं दाखवलं तेव्हा दोघेही माझ्यावर रागावले. मिस्त्रीचं म्हणणं, मग पोराने सरळ पावणेचार का नाही लिहिलं. पोराचं म्हणणं, मिस्त्रीचं बरोबर आलं ते नशिबाने.

पत्र्याच्या गेजची तर तऱ्हाच न्यारी. आकडा वाढला की जाडी कमी. 16 गेज म्हणजे साधारण 1.6 मिली, 18 गेज म्हणजे 1.2. गिऱ्हाईक छाती काढून सांगतं, "16 बिक काही नको, आपल्याला 18 चा टाका, गेले पैसे जास्त तरी चालतील." आता इथे शेठने काय करावं? मी खरं सांगतो, की काका, 16 जाड, 18 पातळ. काका माझ्याकडे बघतात, मिस्त्रीकडे बघतात, आणि रस्त्याने येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "16 चा माल पडून दिसतोय तुमच्याकडे."

वजनाच्या काट्याशी आलेला माणूस तर श्वास रोखून उभा राहतो. वजन रंग लावायच्या आधी करायचं की नंतर, यावर आमच्याकडे भावकीच्या बांधासारखे वाद झालेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि पुढे लोखंडी नांगर बनवला, तेव्हा शेतकऱ्यांना वाटायचं की लोखंडाने जमिनीला विष चढेल. लक्ष्मणराव खचले नाहीत, 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. मी हा इतिहास वाचतो तेव्हा त्यांचा मला हेवा वाटतो. विषाची शंका समजूत घालून काढता येते. "ह्या 40 किलोत रेड ऑक्साइड किती?" या शंकेवर उतारा नाही.

फिटिंगला गेलं की गाठ पडते गवंड्याशी. गवंडी आणि वेल्डर यांचं वैर कधी सुरू झालं ते ठाऊक नाही, पण पहिल्या भिंतीला पहिली खिडकी बसली त्याच दिवशी झालं असावं. खिडकीचा गाळा चारी कोपऱ्यांनी चार घरांतून आलेला असतो. मिस्त्री गुण्या लावतो, तिरकी मापं घेतो, दोन्हींत इंचभर फरक. तो काही बोलत नाही, गवंड्याकडे नुसता बघतो. गवंडी म्हणतो, "प्लास्टरात मारून घेऊ." मिस्त्री म्हणतो, "प्लास्टर झालंय." गवंडी म्हणतो, "मग तुम्ही ओढून घ्या." घरमालक मधे उभा राहून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघतो आणि शेवटी माझ्याकडे येऊन विचारतो, "शेठ, तुम्ही काय करता?" म्हणजे घरी जेवणाच्या ताटावर येणारा तोच प्रश्न.

ओढून घ्यायचं म्हणजे काय, हे सांगितलं पाहिजे. वेल्डिंगचा आर्क काही हजार अंशांचा. त्याखाली लोखंड वितळतं, मग निवताना आखडतं आणि आखडताना शेजाऱ्याला स्वतःकडे ओढतं. दहा फुटी गेटाला एकाच बाजूने भराभर वेल्डिंग मारत गेलं, तर संध्याकाळपर्यंत गेट धनुष्यासारखं होतं. म्हणून मिस्त्री आधी चारी कोपऱ्यांत टाके मारतो, मग एक टाका इथे, एक समोरच्या टोकाला, मग उलट्या बाजूला, असा हिंडत काम करतो. बघणाऱ्याला वाटतं, याला काम सुचत नाहीये. फार्महाउसवाले एक साहेब प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून तासभर हे बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "एका ओळीत करत गेलात तर लवकर होईल. मी ऑपरेशन्समध्ये होतो." मिस्त्रीने काळी काच डोळ्यांवर ओढली. त्या काचेचा हा एक उपयोग पुस्तकात दिलेला नाही.

वाचायची सवय असल्यामुळे मिस्त्रीला मी कधीकधी जगातल्या गोष्टी सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने रिबिटं सोडून वेल्डिंगने भराभर जहाजं जोडली. त्यातलं 'स्केनेक्टडी' नावाचं तेलवाहू जहाज 16 जानेवारी 1943 च्या रात्री पोर्टलंडच्या धक्क्याला, शांत पाण्यात, बांधल्या जागी मधोमध फाटलं. सगळ्यांनी वेल्डरकडे बोट दाखवलं. पुढे खोलात गेल्यावर दिसलं की मुळात ते पोलादच थंडीत ठिसूळ पडणारं होतं. मिस्त्रीने ही गोष्ट हातातलं काम थांबवून ऐकली. आता फिटिंगनंतर कुणी काही तक्रार केली, की तो सांगतो, "माल थंडीत ठिसूळ पडतो. अमेरिकेत जहाज फाटलं." तक्रार मे महिन्यातली असली तरी.

माणसं सांभाळायची तर आधी पंचांग सांभाळावं लागतं. आमचे स्थानिक हेल्पर जुलैत लावणीला जातात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणीला. दहीहंडीच्या आधी थर लावायची तालीम. पौषी पौर्णिमेला म्हसा. म्हशाच्या जत्रेला एक दिवस जाऊन येतो म्हणणारा माणूस बैलबाजार बघून, घोंगडी घेऊन, पाहुण्यांकडे मुक्काम करून परततो, तोपर्यंत गिऱ्हाइकाने माझी घोंगडी केलेली असते. जानेवारीपासून टेनिस बॉलच्या मॅची. आमचा ग्राइंडरवाला यॉर्कर चांगला टाकतो, त्यामुळे आसपासच्या संघांना तो आमच्यापेक्षा जास्त लागतो. एप्रिल-मेमध्ये हळदी. ठाणे जिल्ह्यात लग्नाला गेलं नाही तर चालतं, हळदीला गेलंच पाहिजे. रात्रभर नाचलेला माणूस सकाळी ग्राइंडर हातात घेतो तेव्हा त्याला सुट्टी देणं हेच सुरक्षेचं साधन.

उत्तर प्रदेशातला वेल्डर आणला तर हे प्रश्न मिटतील, असं मला वाटलं होतं. त्याला लावणी नाही, म्हसा नाही, हळद नाही. पण सप्टेंबरात तो नवा शर्ट घालून आला आणि म्हणाला, "सेठजी, कल सत्रह तारीख, विश्वकर्मा पूजा. मशीन बंद." मशीनला हात लावायचा नाही म्हणजे नाही. ते ऐकून मिस्त्रीने सांगितलं की आपल्याकडे विश्वकर्मा जयंती माघ शुद्ध त्रयोदशीला, तेव्हा आपली सुट्टी वेगळी. आणि खंडेनवमीला तर हत्यारांची पूजा सगळ्यांचीच. त्या दिवशी ग्राइंडर, ड्रिल, गुण्या, हातोडा धुऊनपुसून मांडले जातात, झेंडूची फुलं वाहिली जातात, आणि वर्षभर न सापडलेली दोन सुताची टेप त्या दिवशी नेमकी सापडते. अशा रीतीने राष्ट्रीय एकात्मतेपायी आमच्या एका देवाच्या तीन सुट्ट्या झाल्या. देवाने एवढं मोठं विश्व उभं केलं तेव्हा त्याचे हेल्पर कोण होते आणि ते कितीदा हळदीला गेले, हे विचारायला पाहिजे.

या सगळ्याचा परिणाम तारखेवर होतो, आणि तारीख हे माझं खातं. गिऱ्हाइकाचा फोन आला की मी ज्या भाषेत बोलतो, ती या धंद्यातल्या सगळ्यांना येते. "कटिंग झालंय" म्हणजे माल आणायला अजून माणूस गेलेला नाही. "टाके मारून ठेवलेत" म्हणजे माल आलाय, दारात आडवा पडलाय, कालपासून सगळे त्याला ठेचकाळतात. "रेड ऑक्साइड वाळतोय" म्हणजे आता कटिंग झालंय. "निघतच होतो" म्हणजे टेम्पोवाला फोन उचलत नाही. जुनी गिऱ्हाइकं ही भाषा शिकलीत. किन्हवलीचे एक गुरुजी परवा स्वतःच म्हणाले, "शेठ, रेड ऑक्साइडपर्यंत आलंय म्हणजे अजून आठ दिवस धरू ना?" अशी माणसं भेटली की बरं वाटतं.

गंमत अशी, की खरं कारण सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. "लाईट नाही" हे सापगाव पंचक्रोशीतलं सगळ्यात खरं वाक्य आहे. पावसाळ्यात तर फांदी पडते, तार तुटते, कुठेतरी काहीतरी उडतं. आणि असली तरी तिचा दाब पुरत नाही. आमचं जुनं ट्रान्सफॉर्मरचं मशीन होतं तेव्हा आर्क पेटला की आळीतले पंखे धापा टाकायचे आणि संध्याकाळच्या मालिकेत सुनेचं तोंड लांब व्हायचं. सासूचं होत असतं तर शेजारच्या काकूंनी सहन केलं असतं. त्या दारात येऊन म्हणायच्या, "अरे, दोन मिनिटं थांबा रे, तिला सगळं कळलंय आता!" इन्व्हर्टर मशीन घेतलं तेव्हा मी बँकेला कारण सांगितलं विजेची बचत. खरं कारण काकू.

पावसाळ्यात आणखी एक. रॉडवरचं आवरण ओल धरतं. ओला रॉड थुंकतो, वेल्डिंगमध्ये भोकं पडतात. म्हणून रॉड तापवून घ्यावे लागतात. जुलै महिन्यात आमच्याकडे तव्यावर रॉड भाजत ठेवलेले बघून नवीन गिऱ्हाईक विचारतं, हे काय खायला का? मिस्त्री गंभीरपणे सांगतो, की हो, चिंबोऱ्यांबरोबर.

डोळ्यांबद्दल मात्र चेष्टा पुरे. आर्क उघड्या डोळ्यांनी बघितला की त्या वेळी काही होत नाही. रात्री, माणूस झोपायला लागला की डोळ्यांत कुणी वाळूची पोती रिकामी करतं. त्यावर गावात बटाट्याच्या चकत्यांपासून गुलाबपाण्यापर्यंत सगळे उपाय चालतात, आणि मिस्त्रीला सगळे पाठ आहेत, कारण काळी काच तो सहसा कपाळावर बांधतो. मी काच खाली घ्या म्हटलं की म्हणतो, "टाका कुठे बसतोय ते दिसायला नको?" आपोआप काळी होणारी काच असलेलं हेल्मेट मी आणून दिलं. ते त्याच्या मुलाने मोटरसायकलवर घालायला नेलं. शाळेतून सुटलेली पोरं कुंपणापाशी उभी राहून आर्क बघतात, त्यांना हाकलणं हे सुद्धा माझंच खातं. दिवसातलं सगळ्यात फुकट जाणारं काम ते. म्हणून मी आता रस्त्याच्या बाजूला पत्रा उभा केलाय. त्या पत्र्यावर तिसऱ्या दिवशी साहेबांच्या वाढदिवसाचा बॅनर लागला.

बॅनर निघाला तसा विषय काढतोच. बॅनरची फ्रेम हे आमच्याकडचं एकमेव उत्पादन असं, की जे विकलं जात नाही, फिरत राहतं. कार्यकर्ते येतात, "20 बाय 10 ची फ्रेम, उद्या सकाळी, साहेबांचा वाढदिवस." पैशांचं विचारलं की "साहेबांना सांगतो." साहेबांना ते काय सांगतात कुणास ठाऊक, साहेब मला भेटले की फार प्रेमाने पाठीवर थाप मारतात. महिनाभराने तीच फ्रेम दुसऱ्या पक्षाचे कार्यकर्ते घेऊन येतात, एका कोपऱ्यात टाका मारायला. विचारधारा बदलते, 25 बाय 25 चा अँगल तोच.

आमच्या खपाचा दुसरा मोठा जिन्नस म्हणजे पाण्याच्या टाकीचा स्टँड. शहापूर तालुक्यात भातसा धरण, तानसा धरण. तानसाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातंय, आणि आज मुंबईच्या पाण्यात सगळ्यात मोठा वाटा भातसाचा. आणि इथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. त्यामुळे फेब्रुवारी संपता संपता टाक्यांच्या स्टँडची ऑर्डर सुरू होते, घरटी एक, कारण टँकर आला त्या वेळी भरून ठेवलं नाही तर पुढची पाळी कधी ते सांगता येत नाही. मुंबईचे एक पाहुणे आमच्याकडे रांगेने उभे केलेले स्टँड बघून म्हणाले, "वा, इथे पाणी भरपूर दिसतंय." मिस्त्रीने त्यांना चहा दिला. पाणी त्यांनी बरोबर बाटलीत आणलेलं होतं.

आणि मुंबईकरांवरून आठवलं ते फार्महाउस. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा खुला झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या भागातल्या माळांवर प्लॉट पडत होते, आता त्यांना कमानी आल्या. प्लॉट घेणारा माणूस पहिल्यांदा काय करतो? विहीर नाही, झाड नाही, घर नाही. गेट करतो. मोबाइलमध्ये त्याच्याकडे गेटांचे फोटो असतात, दुबईतल्या गेटांचे, इटलीतल्या गेटांचे. लेझरने कापलेली झाडं, उडते पक्षी, मधोमध आडनावाचं पहिलं अक्षर. "असं पाहिजे, पण जरा बजेटमध्ये." मी विचारतो, बजेट किती? तो आकडा सांगतो. त्यात पक्षी बसतात, झाड बसत नाही.

अशाच एका साहेबांचं गेट आम्ही केलं. बारा फुटी, दुपाखी, माहुलीच्या डोंगराकडे तोंड. वास्तूवाल्याने सांगितलं पाखं आतच उघडली पाहिजेत; अमावस्या टाळून, अक्षय्य तृतीयेला फिटिंग. मिस्त्रीने जीव ओतला. दोन्ही पाखांमध्ये वरपासून खालपर्यंत दोन सुतांची एकसारखी फट, बिजागऱ्यांना बेअरिंग, एका बोटाने ढकललं तर उघडेल असं. साहेबांनी नारळ फोडला, सहकुटुंब फोटो काढला, कुलपाच्या तीन चाव्या घेतल्या, एक राखणदाराला दिली आणि कंपाउंडच्या भिंतीचं दिवाळीनंतर बघू म्हणून गेले.

दिवाळी झाली. भिंत झाली नाही. दोन खांब, मधे गेट, आणि दोन्ही बाजूंना मोकळा माळ. मी गेटाला ग्रीस द्यायला पोराला घेऊन गेलो, तर राखणदार आतल्या बाजूला बसला होता. आम्ही खांबाला वळसा घालून सहज गेलो असतो, पण तो उठला, "थांबा थांबा" म्हणाला, कमरेची चावी काढली, कुलूप उघडलं, दोन्ही पाखं पूर्ण उघडली, आम्हाला आत घेतलं आणि पुन्हा कुलूप लावलं. साहेबांचा हुकूम, बिनचौकशी कुणाला आत सोडायचं नाही. आमच्या मागून चार गाई आणि एक गोऱ्हा खांबाशेजारून आत आले, त्यांची काही चौकशी झाली नाही.

गेल्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. आवाजात नाराजी होती. त्यांनी मोबाइलवर चालणारा कॅमेरा बसवलाय आणि त्यात त्यांना आंब्याची कलमं खाणारी गाय दिसली. "एवढे पैसे मोजले मी गेटाला," ते म्हणाले, "आणि जनावरं आत कशी?"

मी म्हटलं, "साहेब, भिंत."

"भिंतीचं नंतर बघू. तुमच्या गेटातच कुठेतरी फट राहिलीये. मिस्त्रीला घेऊन या. एकच टाका मारायचा असेल."

मी त्यांना सांगितलंय, माल कटिंगला घेतलाय म्हणून.